मधोमध टोचलेली सुई

घमेल्यातून वाफेचा लोट उठला तसं अख्खं गोदाम एक पाऊल मागे सरलं. पुढे बसलेल्यांनी पदर, रुमाल, हाताला येईल ते नाकाशी धरलं. मागचे टाचा उंचावून बघू लागले. घमेल्यात पांढरट राख होती. विझवेबाबांनी तिच्यावर एक ओलं फडकं पिळलं होतं आणि ती राख, तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी चुरचुरत होती.

"बघून घ्या," माइकवाला म्हणाला. "या माउलीच्या पायात एवढी आग होती. डॉक्टरला दिसली? नाही. त्याच्या मशीनला दिसली? नाही. बाबांनी ती फडक्यात धरली आणि राखेत पिळली. आता ती आग राखेत बसून हात चोळतेय."

त्या माउलीच्या पायावर गरम पाण्याची बादली कलंडली होती. ती स्टुलावर बसली होती आणि तिला खरोखरच बरं वाटत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ओलं गार फडकं भाजल्या पायावर ठेवलं तर कुणालाही बरं वाटेल. पण त्या गोदामात असं म्हणणारी मी एकटीच, आणि तेही मनातल्या मनात.

मी भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स आहे. त्या दिवशी मला सुट्टी होती, अंगावर साधी साडी होती आणि डोक्यात एक वेल्डर घोळत होता.

वेल्डरच्या पायावर तापलेली लोखंडी पट्टी पडली होती. आमच्याकडे तो आला तेव्हा पायाला वास सुटला होता आणि दोन बोटं वाचण्यापलीकडे गेली होती. इतके दिवस कुठे होतात, असं विचारलं तर म्हणाला, "बाबांकडे. त्यांनी पहिल्याच दिवशी आग काढली, सिस्टर. नंतर पायात सुई टोचली, तर मला कळलंसुद्धा नाही. सगळ्यांनी बघितलं. पण पुढे आमच्याकडूनच पथ्य मोडलं."

"कसलं पथ्य?"

"जखम भरेपर्यंत घरात कुणी आवाज चढवायचा नाही. ही पोरावर ओरडली."

ही म्हणजे त्याची बायको. खाटेच्या पायथ्याशी पिशवी धरून उभी होती, मान खाली. बायकोच्या आवाजाने जखम सडत नसते, हे मी तिला दोनदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. तिने स्वतःला केव्हाच दोषी ठरवून टाकलं होतं.

माझ्या मनात मात्र वेगळीच गोष्ट सलत राहिली. सुई टोचली आणि कळलं नाही. आमच्या वॉर्डात हे वाक्य ऐकलं की आम्ही डॉक्टरांना बोलावून आणतो. बाबांच्या गोदामात त्याच वाक्यावर टाळ्या पडत होत्या. सुई टोचून बघायची अक्कल या माणसाला आली कुठून?

म्हणून मी आले होते.

बाबा दिसायला बाबांसारखे नव्हते. दाढी नाही, माळा नाहीत. सडसडीत माणूस, स्वच्छ पांढरा शर्ट, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, नखं बारीक कापलेली. माझी नजर त्या नखांवरून हलेना. जटा वाढवणारे पुष्कळ बघितले, पण नखं कापून बसलेला चमत्कारी पुरुष पहिल्यांदाच बघत होते.

एक मुलगी पुढे आली. मनगटावर वाफ लागली होती. माइकवाला लगेच म्हणाला, "बांगड्या काढा, अंगठी काढा. आगीला धातू आवडत नाही, धातू दिसला की ती रुसून आत जाते."

रुसते वगैरे ऐकून मला हसू आलं असतं, पण बांगड्या काढायला सांगणं बरोबर होतं. भाजलेला हात सुजतो, मग अंगठी बोटात रुतते आणि रक्त अडतं. आम्हीही आल्या आल्या तेच करतो. फक्त आम्ही आगीचा स्वभाव सांगत बसत नाही.

मुलीच्या हातावर घरचं फडकं चिकटलं होतं. बाबांनी ते ओढलं नाही. आधी त्याच्यावर पाणी सोडलं, थांबले, मग कडेपासून हलक्या हाताने सोडवलं. ही रीत कुठल्याही ग्रंथातली नाही. ड्रेसिंगच्या टेबलाशी वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर ती हातात बसते.

मग त्यांनी जखमेवर अंगठा दाबला आणि सोडला, आणि डोळे बारीक करून बघत राहिले. लोकांना वाटलं, बाबा आगीशी बोलताहेत. ते काय बघत होते हे मला ठाऊक होतं, कारण मी दिवसभर तेच बघते. वरवर भाजलं असेल तर कातडी लालसर, ओली असते. दाबली की पांढरी पडते आणि सोडली की पुन्हा लाल होते. म्हणजे खाली रक्त वाहतंय आणि कातडी जिवंत आहे. अशी जखम स्वच्छ ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत आपली आपण भरते. खोल भाजलं असेल तर कातडी पांढुरकी, मेणासारखी किंवा चामड्यासारखी होते आणि कितीही दाबली तरी रंग बदलत नाही.

"उजवीकडे," बाबा म्हणाले.

मुलीला उजवीकडच्या बाकावर बसवलं. तिथे गार फडकं, घमेल्यातली वाफ, कसलंसं मलम, स्वच्छ पट्टी आणि "बरं वाटलं की दर्शनाला या". पुढचा माणूस आला. त्याच्या दंडावर डांबर सांडलं होतं, मधला भाग पांढराफटक. मी न राहवून पुटपुटले, "डावीकडे."

बाबांनी अंगठा दाबला. "डावीकडे."

माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तिने चमकून माझ्याकडे बघितलं. पुढचं पोर आलं, गालावर चहा सांडलेला. "उजवीकडे," मी म्हणाले. उजवीकडेच गेलं. त्यापुढची म्हातारी, तळव्याला निखारा लागलेली. "डावीकडे." तीही डावीकडे.

शेजारीण माझ्यापासून जरा सरकून बसली. "तुम्ही पण त्यांच्यातल्याच का हो?" तिने हळूच विचारलं.

"नाही. मी नर्स आहे."

"मग तुम्हाला कसं कळतं?"

"तोच प्रश्न मला बाबांना विचारायचाय," मी म्हणाले.

डावीकडच्या बाकावर खरा तमाशा होता. तिथेही फडकं, तिथेही वाफ, पण नंतर बाबा हातात लांब सुई घेत. डांबरवाल्याच्या दंडात त्यांनी ती मधोमध टोचली. माणूस दुसरीकडे बघत होता. बाबांनी विचारलं, "काही कळलं?" तो म्हणाला, "काय?" आणि गोदामभर हुंकार उठला.

"आग गेली," माइकवाला म्हणाला. "आग गेली, दुखणं गेलं. आता पथ्य सांभाळा."

भाजलेल्या जखमेचं गणित उलटं असतं. जी जखम ठणकते, तिच्यातल्या दुखणं कळवणाऱ्या नसा शाबूत असतात. जी मधोमध मुकी झाली, तिथे कातडीबरोबर नसाही जळून गेलेल्या असतात. न दुखणं हीच सगळ्यांत वाईट खूण. तार तुटलेली घंटा वाजत नाही, तेव्हा दारात कुणी आलं नाही असं समजून कोण निजेल? इथे दोन-तीनशे माणसं समजत होती.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. ते एका पोराची पट्टी तपासत होते. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हुशार आहे माणूस. ज्या जखमा आपोआप भरणार त्यांचं श्रेय त्याचं. ज्या भरणार नाहीत त्यांचा पहिल्या दिवशी खेळ करायचा, आणि पुढे त्या सडल्या की दोष घरच्यांचा. बरे झालेले दर्शनाला जातात. बिघडलेले तोंड लपवतात, नाहीतर आपल्याकडे येतात."

"मग लोकांना सांगायला नको?"

"सांगा ना. पण ते तिथे का जातात तेही बघा. आपल्या बाकावर तासन् तास बसतात, पट्टी बदलताना ओरडतात, आणि काय झालंय, किती दिवस लागतील, हे त्यांना धड कुणी सांगत नाही. मीही नाही सांगत. वेळच नसतो."

हे मला झोंबलं, कारण ते खरं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, माझ्या धाकट्या बहिणीच्या मैत्रिणीचा फोन आला. धाकटी लाँड्रीत काम करते, चादरींवर वाफेची इस्त्री फिरवणाऱ्या मोठ्या यंत्रावर. चादरीची घडी सरळ करताना तिचा उजवा हात दोन तापलेल्या पाट्यांच्या मधे सापडला होता. मैत्रिणीने यंत्र बंद केलं. कुणीतरी हाताला टूथपेस्ट फासली. "आणि तिच्या सासूबाई आल्या आणि रिक्षात घालून घेऊन गेल्या," मैत्रीण म्हणाली.

"आमच्याकडे?"

"नाही ताई. त्या गोदामात."

मी गणवेशातच निघाले. वाटेत मनात एकच गोष्ट घोकत होते: उजवीकडे बसवू दे, उजवीकडे बसवू दे. त्या माणसाच्या डोळ्यांवर माझा तेवढा विश्वास बसला होता, याचं मला रिक्षात बसल्या बसल्या आश्चर्य वाटलं.

धाकटी डावीकडच्या बाकावर होती.

तिच्या हाताची पाठ पांढरी मेणचट झाली होती, कडेला लाल पट्टा, बोटं सुजलेली. बाबांनी सुई नुकतीच काढली होती आणि लोक अजून मान डोलावत होते. धाकटी मला बघून हसली. "ताई, दुखत नाहीये ग," ती म्हणाली. "खरंच नाही दुखत. मला वाटलं होतं हात गेला."

मी तिच्यासमोर खाली बसले आणि तिचा हात हातात घेतला. नख दाबलं. दाबलं तेव्हा पांढरं झालं, सोडलं तरी रंग परत यायला फार वेळ लागला. बोटांची टोकं गार होती. डाव्या हाताची टोकं गरम, उजव्याची गार. ताठ झालेल्या कातडीखाली हात सुजत होता आणि आतल्या आत रक्ताची वाट आवळली जात होती.

"चल," मी म्हणाले. "आत्ता."

"कुठे?" तिच्या सासूबाई मधे आल्या. वाईट बाई नव्हे. सुनेला रिक्षातून आणताना स्वतःचा पदर तिच्या डोक्यावर धरून आणलं होतं. "ताई, बाबांनी आग काढलीये. आता हॉस्पिटलात नेलं, तिथलं पाणी लागलं, तर आग परत येईल. हात दुखत नाहीये, तुम्ही पोरीला पुन्हा दुखण्यात घालणार. आगीतून फुफाट्यात कशाला?"

"काकू, तिची बोटं गार पडलीत."

"गारच पडायला हवीत. आग गेली ना."

मी धाकटीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी विश्वास होता, पण त्याच्या पुढे उभी होती न दुखण्याची सुटका. तिला ओढून नेता आलं नसतं, आणि नेलं असतं तरी पहिल्या वेदनेला ती पळून परत आली असती. तिला पटायला हवं होतं आणि तेही लगेच.

"बाबा," मी म्हणाले, "आग गेली ना?"

"गेली," बाबा म्हणाले. माझा गणवेश बघून त्यांचा आवाज सावध झाला होता.

"सगळी?"

"सगळी."

"मग सुई मधोमधच का टोचता? कडेला टोचा की."

माइकवाला घाईने म्हणाला, "बाबांच्या कामात कुणी बोलायचं नसतं."

मला सुईची गरजच पडली नाही. धाकटीच्या हाताच्या कडेला, जिथे पांढरं संपून लाल सुरू होत होतं, तिथे मी करंगळीने नुसता स्पर्श केला. धाकटीने श्वास आत ओढला आणि हात मागे घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इथे दुखलं?" मी विचारलं.

"खूप."

"आग सगळी गेली असेल तर इथे का दुखलं? इथे दुखतं, कारण इथली कातडी जिवंत आहे. मधे दुखत नाही, कारण तिथली मेलीये. बाबा नेहमी मेल्या जागी टोचतात. आणि त्यांना ती जागा बरोब्बर सापडते."

गोदामात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "आणि मग वाफ कुठून येते?"

प्रश्न रास्त होता. पहिल्या खेपेलाच मला बाबांच्या बोटांची टोकं दिसली होती. पांढरी, कोरडी, भेगाळलेली, जागोजागी सोललेली. अशी बोटं घेऊन आमच्याकडे भिंती रंगवणारे आणि गवंडी येतात, चुना कालवताना हात पोळलेले. माइकवाला घमेलं भरताना रबरी हातमोजे घालत होता, तेही मी बघून ठेवलं होतं.

मी पर्समधला कोरा रुमाल काढला, माझ्या बाटलीतल्या पिण्याच्या पाण्यात भिजवला आणि घमेल्याच्या दुसऱ्या, अजून कोरड्या बाजूवर पिळला. क्षणभर काही झालं नाही. मग राख फुगली, तडकली आणि तिथून वाफ निघाली. मघाच्यापेक्षा जास्तच.

"हा रुमाल कुणाच्याही जखमेला लागलेला नाही," मी म्हणाले. "यात आग कुठून आली? वर राखेचा पातळ थर आहे आणि खाली चुनकळी. भिंतीला लावायचा चुना विरघळवताना पाणी घातलं की तो उकळतो, हे इथल्या कुठल्याही रंगाऱ्याला विचारा."

"उकळतो तर," एक माणूस म्हणाला. त्याच्या पँटवर रंगाचे डाग होते. तो पुढे आला, घमेल्यात वाकून बघितलं, नाक उडवलं. "चुनकळीच आहे. मी इतके वेळा आलो, माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"आपण आग बघायला येतो, चुना बघायला कोण येतं?" मी म्हणाले.

तेव्हा बाबा उठले. आरडाओरडा केला नाही. माझ्याजवळ येऊन, फक्त मला आणि धाकटीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "बाई, चुना असू दे. माझ्याकडे ती शांत होतात. तुमच्याकडे ओरडतात. मी तुमच्यासारख्या वॉर्डात दहा वर्षं पट्ट्या बांधल्यात. तिथे कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्यांच्याकडेही नाही."

म्हणजे माझा संशय खरा ठरला. तो ड्रेसर होता. मला वाटलं होतं त्याला उघडं पाडल्यावर मला आनंद होईल. झाला नाही.

"तुम्हाला सगळं कळतं," मी त्याला म्हणाले. "म्हणूनच तुमचा गुन्हा मोठा. ज्याला कळत नाही तो चुकतो. तुम्ही डावीकडे बोट दाखवता तेव्हा त्या माणसाचं काय होणार ते तुम्हाला माहीत असतं. त्याला आमच्याकडे पाठवायला तुम्हाला एक वाक्य पुरलं असतं."

त्याने नजर डावीकडच्या बाकावरून फिरवली.

धाकटीच्या सासूबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. "चुना असेल," त्या म्हणाल्या, "पण माणसं बरी झालेली मी डोळ्यांनी बघितलीत."

"उजवीकडची बघितलीत, काकू. ती बरी होणारच होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. डावीकडे बसलेलं कुणी बरं होऊन परत आलेलं बघितलंय?" आणि मग मी वळून सगळ्यांनाच विचारलं. "सुई टोचलेली कळली नाही असं कुणी तुमच्या घरात आहे का? तो माणूस आज कसा आहे, सांगाल?"

लोक आपापल्या पायांकडे बघू लागले. मला वाटलं, संपलं. ज्यांनी बोलावं ती माणसं इथे कशाला येतील?

भिंतीपाशी बसलेली एक वयस्कर बाई उठली. "माझा नातू," ती म्हणाली. "बाबांनी सुई टोचली, त्याला कळली नाही. पुढे बोटं एकमेकांना चिकटली. आता मूठ उघडत नाही. बाबा म्हणाले, घरात आवाज चढला. आवाज सुनेचा चढला होता, मी ऐकला होता. मी तिला माहेरी पाठवून दिलं. अजून आणलेलं नाही."

"आमच्याकडे मुलगा रडला होता," दुसरीकडून कुणीतरी म्हणालं. "तो दीड वर्षाचा आहे."

"आमच्याकडे भाडेकरू भांडले."

एकामागून एक माणसं बोलू लागली. प्रत्येकाला वाटत होतं, पथ्य फक्त आपल्याच घरात मोडलं. प्रत्येकाने ते चार भिंतींच्या आत दाबून ठेवलं होतं, आणि तोंड बंद ठेवण्यावरच तर बाबांचा सगळा धंदा उभा होता. ज्या घरात माणूस भाजून पडलाय, तिथे कुणाचाच आवाज चढणार नाही, असं घर मला दाखवा. पथ्य मोडावं म्हणूनच ते घातलेलं होतं.

धाकटीच्या सासूबाई त्या वयस्कर बाईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्स उचलली, धाकटीचा डावा हात धरला आणि मला म्हणाल्या, "रिक्षा कुठे उभी केलीत?"

डॉक्टरांनी धाकटीचा हात बघितला आणि बसायलाही सांगितलं नाही, थेट आत घेतलं. ताठ झालेल्या कातडीला लांब छेद देऊन त्यांनी आतला दाब मोकळा केला. मी बोटं धरून उभी होते. हळूहळू त्यांत ऊब आली. नंतर बाहेर येऊन डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं: मेलेली कातडी काढावी लागेल, मांडीची पातळ कातडी काढून हातावर लावू, पुढे कितीतरी महिने व्यायाम. हे सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. सासूबाईंनी एकच विचारलं, "घरात भांडण झालं तर चालेल ना?"

"भांडा," डॉक्टर म्हणाले. "फक्त हात उंचावर ठेवून."

शस्त्रक्रियेनंतर धाकटी माझ्यावर चिडली होती. हातापेक्षा मांडीच जास्त ठणकत होती, आणि ती विचारत होती की भाजला हात आणि शिक्षा मांडीला का. मांडीच्या नसा जिवंत आहेत म्हणून, असं सांगितल्यावर म्हणाली, "मग जरा कमी जिवंत असत्या तरी चाललं असतं." त्यानंतरचे महिने सोपे गेले नाहीत. बोटं वाकवताना ती रडायची, आणि सासूबाई समोर बसून तिच्याबरोबर आपलीही बोटं वाकवायच्या. हात पूर्वीसारखा झालेला नाही. कातडीचा रंग वेगळा दिसतो, करंगळी सरळ होत नाही. पण तिची मूठ मिटते, उघडते, आणि ती पुन्हा कामावर जाते, दुसऱ्या यंत्रावर.

गोदामाला कुलूप लागलं. दोघा-चौघांनी पोलिसांत तक्रार दिली, तोवर बाबा आणि माइकवाला पसार झाले होते. कुणी म्हणतं, दूर कुठल्याशा गावात ते आता मोडलेली हाडं जुळवतात. मी खात्री करू शकलेले नाही, पण तिथे कुठली हाडं उजवीकडच्या बाकावर बसत असतील, याचा अंदाज मला आहे.

वेल्डरच्या बायकोला मी निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि गोदामात कोण काय बोललं ते सगळं सांगितलं. या वेळी तिने ऐकलं. मग म्हणाली, "हे त्यांनाही सांगाल का? माझ्यासमोर?" मी सांगितलं.

वॉर्डात आम्हीही एक गोष्ट बदलली. पट्टी सोडण्याआधी काय करणार, किती दुखेल, जखम कुठवर आली आहे, हे प्रत्येकाला सांगायचं. घाईत कधीकधी राहून जातं. पण जे लोक धीराच्या शब्दासाठी चुना उकळताना बघायला गेले होते, त्यांना तो शब्द आमच्याकडे मिळायला हवा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता वाचणाऱ्यांना सांगते. कुणी भाजलं तर जळता कपडा आणि आच यांपासून त्याला दूर करा आणि भाजलेली जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, चांगली वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तेल नको, शाई नको. पाण्याने फोड येतात हे खोटं आहे; फोड भाजण्याने येतात. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सूज यायच्या आधी काढा. आलेले फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका आणि दवाखान्यात या. चेहरा, हात, पाय, सांधे भाजले असतील किंवा लहान मूल असेल, तर जखम छोटी दिसली तरी या. आणि भाजूनही दुखत नसेल तर सगळ्यांत आधी या, धावत या. तुमच्या समोर कुणी कितीही मोठा चमत्कार केला, तरी त्याला दोन प्रश्न विचारा: जे बरे झाले नाहीत ते कुठे आहेत, आणि सुई कडेला का टोचत नाही? त्याच्यावर रागावू नका, फक्त उत्तराची वाट बघा. ते आलं नाही, तर आपलं माणूस उचला आणि निघा.